‘बेरु’चा यतिभंग : हिकारू उतादा यांचा ‘फर्स्ट लव्ह’ ऐकताना

१० मार्च १९९९ रोजी ‘फर्स्ट लव्ह’ हा अल्बम जपानमधल्या दुकानांत आला, तेव्हा त्यातली गाणी लिहिणाऱ्या, त्यांना चाली लावणाऱ्या आणि ती गाणाऱ्या हिकारू उतादा यांना सोळावे वर्ष पूर्ण होऊन दोन महिनेही झालेले नव्हते. पहिल्या आठवड्यातच अल्बमच्या वीस लाखांहून अधिक प्रती खपल्या आणि जपानमधील विक्रीची मोजदाद ठेवणाऱ्या ओरिकॉन या संस्थेच्या हिशेबाने पुढे हा आकडा ७६ लाखांच्या पलीकडे गेला. त्या वेळची जपानची लोकसंख्या पावणेतेरा कोटींच्या आसपास धरली, तर दर सोळा-सतरा माणसांमागे एक प्रत असे हे प्रमाण पडते. जपानमध्ये सर्वाधिक खपलेल्या अल्बमचा मान आजही त्याच्याकडेच आहे.

या अल्बमविषयी बोलताना सहसा हा आकडाच पुढे केला जातो आणि मग एवढे खपण्याची कारणे शोधली जातात. ती कारणे आहेत, आणि त्यांच्याकडे आपण नंतर येऊ. पण त्याआधीचा प्रश्न मला अधिक रंजक वाटतो : १९९८ च्या डिसेंबरात या गायिकेचे ‘ऑटोमॅटिक’ हे पहिले गाणे रेडिओवर लागले, तेव्हा जपानी कानांना त्यात वेगळे असे नेमके काय ऐकू आले? आवाज, वय, अमेरिकी वळणाचा ठेका ही उत्तरे खरी असली तरी अपुरी आहेत. मोठा फरक पडला होता तो जपानी शब्द तालावर बसवण्याच्या पद्धतीत. आणि ही गोष्ट मराठी वाचकाला समजावून सांगणे तुलनेने सोपे आहे, कारण तिच्यासाठी लागणारे बरेचसे शब्द आपल्या छंदशास्त्रात तयार आहेत.

मात्रावृत्तात आपण ऱ्हस्व अक्षराची एक मात्रा धरतो, दीर्घाच्या दोन धरतो, आणि जोडाक्षरापूर्वीचे ऱ्हस्व अक्षर आघातामुळे गुरू झाले की त्याच्याही दोनच धरतो. जपानी भाषेचे रोजचे बोलणे जवळजवळ याच हिशेबाने चालते. तिथे ऱ्हस्व स्वराचे अक्षर म्हणजे एक मात्रा, स्वर लांबवला की आणखी एक, व्यंजनाचे द्वित्त झाले की त्या अडखळण्याची एक, आणि शब्दाच्या शेवटी येणाऱ्या नासिक्य ‘न्’चीसुद्धा स्वतंत्र एक. म्हणून आपण ज्याला टोकियो म्हणतो तो जपानी तोंडात तो-ओ-क्यो-ओ असा चार मात्रांचा होतो, आणि ‘निप्पोन’ हाही नि-प्-पो-न् असा चारच मात्रांचा. शिरीष पै यांच्यामुळे मराठीत रुजलेल्या हायकूचे पाच-सात-पाच हे मोजमाप मूळ जपानीत याच मात्रांचे आहे. या मात्रेला जपानी भाषेत ‘हाकु’ म्हणतात, आणि संगीतातल्या ठोक्यालाही ‘हाकु’च म्हणतात. भाषेचे एकक आणि तालाचे एकक यांना एकच शब्द असावा, यात पुढच्या सगळ्या गुंतागुंतीचे मूळ आहे.

कारण मग गाणे रचण्याची स्वाभाविक पद्धत ठरून जाते : एका मात्रेला एक स्वर. बालगीते, शाळेतली गाणी, जुनी चित्रपटगीते आणि नंतरचे बरेचसे लोकप्रिय संगीत याच पद्धतीने रचलेले आढळते. शब्द स्पष्ट ऐकू येतात, प्रत्येक अक्षराला स्वतःची जागा मिळते आणि कोणीही चार वेळा ऐकून ते गाणे म्हणू शकतो. अडचण येते ती अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या संगीतातून आलेले रिदम अँड ब्लूज, म्हणजे लोक ज्याला आर अँड बी म्हणतात, ते गायचे ठरवल्यावर. त्या संगीताची घडण इंग्रजीच्या बोलण्यावर झालेली आहे. इंग्रजी बोलताना काही अक्षरांवर जोर पडतो आणि मधली अक्षरे भराभर गिळली जातात. एकाच स्वरात ‘बेल’सारखा अख्खा शब्द मावतो. शिवाय चार ठोक्यांच्या आवर्तनात आपण पहिल्या ठोक्याकडे, समेकडे, डोळे लावून बसतो, तर तिथे वजन दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर असते, आणि गाणारा आवाज त्या ठोक्याच्या किंचित मागे रेंगाळतो. अशा लवचिक तालावर समान अंतराने चालणारी मात्रांची रांग ठेवली की कवायतीचा भास होऊ लागतो. त्यावरचा सोपा उपाय म्हणजे ध्रुपदात दोन-चार इंग्रजी शब्द पेरायचे आणि उरलेले जपानी तसेच चालू ठेवायचे. आणि अनेकांनी तो केलाही होता.

आता ‘ऑटोमॅटिक’ची पहिली ओळ जवळून पाहू. तिचा अर्थ अगदी साधा आहे : सातव्या घंटेला रिसीव्हर उचललेला तू. जपानी शब्द असे आहेत : ‘नानाकाइमे नो बेरु दे जुवाकि ओ तोत्ता किमि’. ‘नानाकाइमे’ म्हणजे सातव्या वेळचा आणि ‘बेरु’ म्हणजे घंटा, इंग्रजी ‘बेल’चे जपानी रूप. देवनागरीत काने-मात्रे दीर्घ दिसले तरी इथली सगळी अक्षरे ऱ्हस्व उच्चारायची आहेत. जुन्या रीतीने ही ओळ चालीत बसवणाऱ्याने ‘नानाकाइमे नो’ एका दमात म्हटले असते, मग ‘बेरु दे’ म्हणून श्वास घेतला असता, आणि शब्द जिथे संपतो तिथेच स्वरांचा तुकडाही संपवला असता. उतादा गातात ते असे : ‘ना’, मग थांबणे, मग ‘नाकाइमेनो’, मग ‘बे’, पुन्हा थांबणे, आणि पुढे ‘रुदे जुवाकिओ तोत्ता किमि’. सातचे दोन तुकडे झाले आणि घंटेचेही दोन तुकडे झाले.

आपल्याकडे याला नेमका शब्द आहे : यतिभंग. चरणात जिथे विराम घ्यायचा तिथे शब्द पुरा होत नसेल आणि तो मधोमध तुटत असेल, तर छंदशास्त्र त्याला दोष मानते. शाळेत वृत्ते शिकवताना मास्तर त्यावर लाल रेघ मारत असत. इथे तो दोष हेतुपूर्वक केल्यासारखा वापरला आहे. एकदा टेबलावर बोटांनी ठेका धरून ही ओळ ऐकली म्हणजे तुकडा नेमका तिथेच का पडतो ते कळते : चालीला त्या जागी एक आखूड, ठसठशीत स्वर आणि त्यानंतर पोकळी हवी आहे, आणि ‘बे’ ती गरज भागवतो. शब्दाने चालीला वळवायचे, ही जुनी रीत. इथे चालीने शब्द वळवला आहे. गंमत अशी की अर्थाची त्यात हानी होत नाही. उलट घंटा वाजावी, मधे शांतता पसरावी आणि पुन्हा वाजावी, तसाच हा शब्द अर्धा वाजतो, थांबतो आणि मग पुरा होतो. हे ठरवून केले की सहज झाले, या वादात मी पडणार नाही. ऐकणाऱ्याला ते जाणवते एवढे पुरे.

याच ओळीत मराठीशी जुळणारी आणखी एक गोष्ट दडलेली आहे. ‘रिसीव्हर उचललेला तू’ ही वाक्यरचना जपानी आणि मराठी या दोन्ही भाषांत एकाच क्रमाने होते : आधी कर्म, मग क्रियापदाचे विशेषणरूप, मग नाम. इंग्रजीतून अर्थ लावणाऱ्याला ही ओळ उलटीपालटी करावी लागते, आपल्याला ती जशीच्या तशी उतरवता येते. फक्त एका ठिकाणी मराठी अडून बसते. ‘उचललेला’ म्हणायचे की ‘उचललेली’? जपानी ‘तोत्ता’ला लिंग नाही, ‘किमि’लाही नाही, आणि गाणाऱ्याचे लिंग कळावे असेही त्यात काही नाही. मी वर ‘उचललेला’ लिहिले ती केवळ सवय झाली. उतादा यांनी २०२१ साली आपण स्वतःला स्त्री-पुरुष या विभागणीत बसणारे मानत नसल्याचे जाहीर केले, त्यानंतर या मोकळ्या जागेकडे श्रोते अधिक लक्षपूर्वक पाहू लागले असतील. पण ती जागा भाषेने पहिल्यापासूनच दिलेली होती.

दुसरे उदाहरण अल्बमला नाव देणाऱ्या गाण्याचे. ‘फर्स्ट लव्ह’ हे संथ गाणे सुरू होते ते शेवटच्या चुंबनाला तंबाखूची चव होती, या आठवणीने. सोळाव्या वर्षाच्या उंबरठ्यावरच्या मुलीने हे लिहावे याचे त्या वेळी पुष्कळांना नवल वाटले. मला अधिक नवल वाटते ते ‘चव’ या शब्दासाठी तिथे आलेल्या ‘फ्लेवर’चे. जपानी भाषेने हा इंग्रजी शब्द केव्हाच आपलासा केलेला आहे, पण आपल्या मात्रांच्या साच्यात घालून : फु-रे-ए-बा-आ, म्हणजे पाच मात्रा. उतादा तो जपानी वाक्याच्या ऐन मध्यावर इंग्रजी उच्चाराने, दोन अक्षरांत गातात आणि लगेच पुढच्या जपानी क्रियापदावर उतरतात. ‘ऑटोमॅटिक’चेही तेच. जपानी रूपात तो ओ-ओ-तो-मा-चि-क्-कु असा सात मात्रांचा शब्द आहे. गाण्यात तो चार अक्षरांत संपतो. इंग्रजी शब्द शोभेसाठी टाचलेले नाहीत. कुठे कमी स्वरांत जास्त अर्थ बसवायचा आहे आणि कुठे जपानी मात्रांची झुळझुळ हवी आहे, याचा हिशेब करून दोन्ही भाषा हाताळलेल्या आहेत. जपानी गीतरचनेत अंतऱ्याला ‘ए-मेलो’ आणि ‘बी-मेलो’ म्हणतात आणि सगळ्यांच्या तोंडी बसणाऱ्या ध्रुपदाला ‘साबी’. ‘फर्स्ट लव्ह’चा साबी इंग्रजीत उघडतो, दुसऱ्याच ओळीत जपानीत येतो, आणि तो सांधा कुठे आहे हे मुद्दाम शोधल्याशिवाय लक्षात येत नाही.

ही हातोटी कुठून आली याचे अर्धे उत्तर चरित्रात आहे. उतादा यांचा जन्म १९८३ साली न्यूयॉर्कमध्ये झाला आणि त्यांचे बालपण न्यूयॉर्क व टोकियो यांच्या दरम्यान गेले. वडील तेरुझाने उतादा संगीत निर्माते. आई केइको फुजी या ‘एन्का’ प्रकारच्या नामवंत गायिका. एन्का म्हणजे विरह, एकटेपण, मद्य आणि परगावचा पाऊस यांची जपानी गाणी. त्यांत एकेक मात्रा लांबवून तिच्यावर ‘कोबुशी’, म्हणजे आपल्या मुरकीच्या जवळ जाणारी कंपने, घेतली जातात. १९७० मध्ये फुजी यांचा पहिला अल्बम सलग २० आठवडे ओरिकॉनच्या यादीत अव्वल होता, आणि त्यांच्या पुढच्या अल्बमने त्यांनाच तिथून हटवले. मुलीने एन्का गायला नाही, पण ‘फर्स्ट लव्ह’मधल्या लांब स्वरांच्या टोकाला येणारा थरकाप ऐकला की घरातले संस्कार ओळखू येतात. आईवडिलांबरोबरच्या ‘यूथ्री’ या कौटुंबिक गटात आणि नंतर ‘क्युबिक यू’ या नावाने त्यांनी आधी इंग्रजी गाणी गायली होती. इंग्रजी गाण्यांवर घडलेला गळा घेऊन त्या जपानी गीतलेखनाकडे वळल्या, हा क्रम महत्त्वाचा आहे.

उरलेले अर्धे उत्तर इतिहासात आहे, आणि ते विसरून सगळे श्रेय एका मुलीच्या पदरात टाकणे अन्यायाचे होईल. जपानी भाषेत रॉक गाता येईल की नाही यावर १९७० च्या सुमारास तिथे रीतसर वाद झडला होता. एका बाजूचे म्हणणे, जगापुढे जायचे तर इंग्रजीतच गायला हवे; दुसऱ्या बाजूला ‘हॅपी एंड’ हा गट होता, ज्याने १९७१ च्या ‘काझेमाची रोमान’ या अल्बमने जपानी शब्द रॉकच्या तालावर बसतात हे दाखवून दिले. १९७८ मध्ये ‘सदर्न ऑल स्टार्स’ या गटाचे केइसुके कुवाता जपानी शब्द इंग्रजीसारखे चघळत भराभर गाऊ लागले, तेव्हा पुष्कळांनी नाके मुरडली आणि त्याहून पुष्कळांनी ती गाणी पाठ केली. उतादा यांच्या आधी जेमतेम दहा महिने, १९९८ च्या फेब्रुवारीत, मिसिया या गायिकेने पदार्पण करून आर अँड बी गाणाऱ्या आवाजांसाठी रेडिओचे दार उघडले होते. तोवरचे दशक मुख्यतः तेत्सुया कोमुरो यांच्या सिंथेसायझरवर रचलेल्या, वेगवान नृत्यगीतांचे होते. त्या धावपळीने दमलेल्या कानांना मध्यम लयीतले, ठोक्याच्या मागे रेंगाळणारे ‘ऑटोमॅटिक’ विसाव्यासारखे वाटले असणार.

आता आकड्याकडे. जपानमधील सीडींचे उत्पादन १९९८ मध्येच शिखरावर पोहोचले होते आणि त्यानंतर उतार लागला. म्हणजे ‘फर्स्ट लव्ह’ आला तो भरतीच्या पाण्यावर. तिथल्या कायद्याने पुस्तकांप्रमाणे सीडींचीही किंमत निर्माता ठरवतो आणि नव्या सीडीवर दुकानदाराला सूट देता येत नाही. त्यामुळे अल्बम साधारण तीन हजार येनांना पडे. तरुणांसाठी ही रक्कम किरकोळ नव्हती, आणि सीडी भाड्याने देणारी दुकाने गल्लोगल्ली असतानाही लोक ती मोजत होते. तारेवरून गाणी पोहोचवणारी कराओकेची यंत्रे १९९२ पासून पसरल्यामुळे नवे गाणे थोड्याच दिवसांत कराओकेच्या खोल्यांत पोहोचे, आणि मित्रमंडळीत ते म्हणता यावे म्हणून घरी ते ऐकून ठेवणे भाग होई. पदार्पणाचे ‘ऑटोमॅटिक’ दोन आकारांत निघाले होते : एक १२ सेंटिमीटरची नेहमीची सीडी आणि एक ८ सेंटिमीटरची छोटी, जिच्या उभट पाकिटाला लोक ‘तान्झाकु’ म्हणत, हा शब्द मुळात कविता लिहिण्याच्या अरुंद कागदी पट्टीसाठीचा. ओरिकॉनने दोन्हींची विक्री वेगवेगळी मोजली, त्यामुळे दोन्ही मिळून वीस लाखांवर खप होऊनही यादीत एकही पहिल्या क्रमांकावर चढली नाही.

अल्बमचे नाव घराघरांत नेले ते दूरचित्रवाणीने. एप्रिल ते जून १९९९ या काळात टीबीएस वाहिनीवर ‘माजो नो जोकेन’ ही, शिक्षिका आणि विद्यार्थी यांच्या प्रेमाची मालिका चालू होती आणि ‘फर्स्ट लव्ह’ हे तिचे गाणे होते. अशा जोडणीला तिकडे ‘टाय-अप’ म्हणतात आणि त्या काळात गाजलेल्या गाण्यांपैकी बहुतेकांच्या मागे असा एखादा टाय-अप असेच. इथे वेगळे इतकेच की गाण्याची सुटी सीडी २८ एप्रिलला आली, आणि मालिका तोवर सुरू झालेली होती. मधल्या आठवड्यांत ज्याला ते गाणे हवे होते त्याच्यापुढे अल्बम घेण्यावाचून दुसरी वाट नव्हती. हे डावपेच म्हणून आखले होते की वेळापत्रक तसे पडले, कोण जाणे. गल्ला मात्र भरला.

अल्बमवर एकूण मत द्यायचे, तर तो सलग उत्तम आहे असे मी म्हणणार नाही. वाद्यवृंदाची मांडणी केइ कावानो, अकिरा निशिहिरा अशा वेगवेगळ्या संयोजकांनी केली आहे आणि त्याचे सांधे जाणवतात. काही गाण्यांतला यांत्रिक ढोलकाचा आवाज आज जुना वाटतो आणि उत्तरार्धात एक-दोन गाणी भरीची आहेत. पण ‘इन माय रूम’मधला अडवलेला, घुसमटलेला सूर आजही ताजा आहे. ‘नेव्हर लेट गो’ हे गाणे स्टिंग यांच्या ‘शेप ऑफ माय हार्ट’मधल्या गिटारच्या सुरावटीवर उभे आहे आणि ‘आमाइ वाना’मध्ये रोलिंग स्टोन्सच्या ‘पेंट इट ब्लॅक’चा तुकडा येतो; म्हणजे ही मुलगी काय ऐकत वाढली याची खूण अल्बमभर विखुरलेली आहे. ‘ऑटोमॅटिक’ तर रिसीव्हरपासून सुरू होऊन दुसऱ्या ध्रुपदात संगणकाच्या पडद्यावर लुकलुकणाऱ्या अक्षरांपर्यंत जाते आणि त्या अक्षरांना हात लावून ऊब शोधते. १९९८ साली प्रेमगीतात संगणकाचा पडदा येणे, आणि तोही थट्टेसाठी न येणे, ही दुर्मीळ गोष्ट होती.

२००१ मध्ये आलेल्या ‘डिस्टन्स’ या पुढच्या अल्बमने पहिल्या आठवड्यात तीस लाखांचा पल्ला गाठला, पण एकूण खपात तो ‘फर्स्ट लव्ह’च्या जवळ पोहोचला नाही. २०२२ साली नेटफ्लिक्सने या गाण्यावरून आणि २०१८ च्या ‘हात्सुकोइ’ या गाण्यावरून ‘फर्स्ट लव्ह हात्सुकोइ’ ही मालिका काढली. या शीर्षकातल्या दोन्ही शब्दांचा अर्थ एकच, पहिले प्रेम. त्या मालिकेमुळे अल्बमनंतर जन्मलेल्या पिढीने हे गाणे पुन्हा यादीत चढवले, आणि भारतातल्या काही घरांतही ते पहिल्यांदा ऐकले गेले ते तिच्यातूनच.

जपानमध्ये कोणी आज कराओकेच्या खोलीत ‘ऑटोमॅटिक’ लावले, तर पडद्यावर ओळ पूर्ण लिहून येते आणि गाण्याबरोबर तिचा रंग डावीकडून उजवीकडे बदलत जातो. पहिल्या ‘ना’वर तो अडतो, मग सरकतो, ‘बेरु’ या शब्दाच्या मधोमध पुन्हा थांबतो. सरळ वाचत निघालेला नवखा गायक तोवर ‘रु’ म्हणून मोकळा झालेला असतो.